फेरसादर

विद्येच्या प्रत्येक शाखेला तिचे स्वतःचे असे एक तप नेमून दिलेले असते, आणि ते पुरे झाल्यावर त्या शाखेचा विद्यार्थी ते शक्य तितक्या लौकर विसरून जातो. वैद्यकाचा विद्यार्थी शवविच्छेदनाच्या आठवणी जेवणाच्या पंक्तीत काढीत नाही, आणि वकिलीची सनद मिळालेला इसम पुराव्याच्या कायद्याने आपल्याला किती रडविले हे अशिलाला सांगत बसत नाही. वास्तुकलेचा, म्हणजे चालू भाषेत आर्किटेक्चरचा, विद्यार्थी हा या नियमाला एकमेव अपवाद असावा. त्याने काय निर्माण केले अशी पृच्छा केली असता तो किंचित संकोचतो. परंतु ते निर्माण करण्यासाठी तो किती रात्री जागला, याचा आकडा तो न विचारता, चढत्या क्रमाने आणि साक्षीदारांच्या नावांसह सांगतो.

या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मला दोन बाजूंनी पोहोचतो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या हिशेब शाखेत मी उमेदवार कारकून म्हणून रुजू झालो आणि त्याच शाखेतून सेवानिवृत्त झालो. मधल्या काळात शाळा, दवाखाने, मामलेदार कचेऱ्या आणि विश्रामगृहे यांचा जन्म, बाल्य आणि जीर्णोद्धार मी कागदावर पाहिला, आणि त्यांपैकी बहुतेक इमारती प्रत्यक्ष पाहण्याचा प्रसंग न आल्यामुळे त्यांच्याविषयीचे माझे मत अखेरपर्यंत चांगले राहिले. दुसरी बाजू अशी की, सांगलीच्या माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला पुण्याच्या एका महाविद्यालयात या शाखेला प्रवेश मिळाला आणि तो शिक्षणासाठी आमच्याकडे राहावयास आला. तेव्हापासून हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आमच्या घरातल्या तिघांनाही सक्तीचा झाला.

हल्ली विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याची चिंता सर्वत्र वाहिली जाते, आणि ती योग्यच आहे. परंतु आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याच्या मनःस्वास्थ्यावर पहिला घाला महाविद्यालय घालीत नाही, तो मान नातेवाइकांचा असतो. भाचा मुक्कामाला आल्याची वार्ता पसरताच जी मंडळी चौकशीला आली, त्यांतल्या पुरुषवर्गाने ‘पाच वर्षं? आणि शेवटी इंजिनियरच ना?’ असा प्रश्न केला, आणि स्त्रीवर्गाने आपापल्या सदनिकांचे नकाशे तोंडी निवेदन करण्यास प्रारंभ केला. ‘आमच्या ओट्याचं तोंड दक्षिणेला आहे रे, त्यामुळेच यांचं प्रमोशन अडलंय का?’ असे माझ्या मेहुणीने विचारले, तेव्हा त्या कोवळ्या मुलाने वास्तुकला ही एक विद्या असून वास्तुशास्त्राच्या नावाखाली जो व्यवसाय चालतो तो निराळा आहे, हे अर्धा तास तळमळीने समजावून सांगितले. मेहुणीने सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि जाताना ‘अजून शिकतोय, येईल हळूहळू’ असे म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरविला.

त्याची खोली, जी पूर्वी आमची अडगळीची खोली होती आणि जिच्या स्वरूपात त्याच्या आगमनाने तत्त्वतः काही फरक पडला नाही, ती एकदा निरखून पाहण्यासारखी आहे. खिडकीशी ड्रॉइंग बोर्ड, त्याच्यावर मिनी-ड्राफ्टर, पलंगावर माउंट बोर्डाच्या कापट्या, जमिनीवर कटरच्या मोडक्या पात्यांचे तुकडे, आणि टेबलावर फेव्हिक्विकची ती इवलीशी नळी, जिने पुठ्ठ्याला पुठ्ठा क्वचित आणि अंगठ्याला तर्जनी नियमितपणे चिकटते. या सर्व पसाऱ्याच्या मध्यभागी मॉडेल. त्याच्या सभोवारची वनश्री फारच नयनमनोहर दिसत होती, म्हणून आमच्या सौ. कौतुकाने जवळ गेल्या, आणि ती आमराई ही भांडी घासण्याच्या आपल्या नव्या कोऱ्या हिरव्या घासणीचे कात्रीने केलेले तुकडे आहेत हे त्यांच्या ध्यानात आले. ‘मामी, एकास दोनशे स्केलला दुसरं काही शोभतच नाही,’ असा खुलासा आला. सौ.नी त्या दिवशी भांडी कशाने घासली हे मी विचारले नाही; संसारात काही बाबी दप्तरदाखल करणे इष्ट असते.

परंतु या विद्येचे खरे अधिष्ठान जागरण हे आहे. त्याला ते ‘नाइट मारणे’ असे म्हणतात, आणि सकाळी महाविद्यालयाच्या पायऱ्यांवर परस्परांना भेटताच ‘किती नाइट झाल्या?’ असा कुशलप्रश्न करतात. ज्याच्या तीन झाल्या असतील त्याला एक झालेला विद्यार्थी वाट करून देतो. मी जात्याच हिशेबनीस असल्याने एका रात्रीचा जमाखर्च दाराच्या फटीतून पडणाऱ्या प्रकाशाच्या आधारे तपासून पाहिला. दहा ते बारा हा काळ, अजून पुष्कळ वेळ आहे या जाणिवेचा आनंद घेण्यात गेला. बारा ते दोन या काळात चार मित्र जमून चहा पिण्यासाठी स्टेशनपर्यंत गेले व आले. दोन ते साडेतीन या काळात शीटवरचे शीर्षक कोणत्या वळणाच्या अक्षरांत असावे यावर कडाक्याचा वाद झाला. साडेतीनला लॅपटॉपवर चित्र रंगविण्याचे जे यांत्रिक कार्य असते, ज्याला ते ‘रेंडर’ म्हणतात, ते सुरू करण्यात आले आणि यंत्र ते काम करीत असताना चौघेही त्याच्याकडे पाहत जागे राहिले. वास्तविक यंत्र एकटेही जागू शकते. परंतु हे त्या वेळी सुचविण्याचे धैर्य मला झाले नाही. प्रत्यक्ष काम पहाटे पाच ते सात झाले, आणि ते वाईटही नव्हते. उरलेला वेळ प्लॉटरवाल्याच्या दुकानापुढील रांगेत गेला.

भाच्याचे म्हणणे असे की, ही परंपरा आहे. त्यात तथ्य आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ‘एकोल द बोझार’ या विख्यात कलाशाळेत मुदत संपताच विद्यार्थ्यांची आरेखने गोळा करण्यासाठी एक हातगाडी फिरत असे, आणि गाडी परीक्षागृहापर्यंत पोहोचण्याच्या आत उरलेल्या रेघा मारून घेण्यासाठी विद्यार्थी तिच्यासोबत धावत, क्वचित तिच्यावर चढूनही बसत, असे सांगतात. म्हणजे हातगाडी जाऊन प्लॉटर आला, एवढाच काय तो विज्ञानाचा पराक्रम. मला यात विस्मय वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. या मुलाला राष्ट्रीय इमारत संहिता तोंडपाठ आहे. घरात वास्तव्याची एकच खोली असेल तर ती साडेनऊ चौरस मीटरपेक्षा लहान नसावी आणि तिची रुंदी 2.4 मीटरपेक्षा कमी नसावी, हे तो झोपेत सांगू शकेल, मात्र त्यासाठी प्रथम झोपावे लागेल. एर्न्स्ट नॉयफर्ट या जर्मन गृहस्थाने 1936 साली प्रसिद्ध केलेला जो जाडजूड ग्रंथ त्याच्या उशाशी असतो, त्यात माणूस बसला, उभा राहिला, वाकला किंवा आडवा झाला तर किती जागा व्यापतो याची सचित्र मापे आहेत. तो ग्रंथ उघडा ठेवून, आडव्या माणसाच्या चित्राकडे एकाग्रतेने पाहत, हा मुलगा रात्री तीन वाजता परक्या लोकांसाठी शयनगृहे आखतो.

त्याला बोलावयास जावे, तर थोरामोठ्यांचे दाखले तयार असतात. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाने ‘फॉलिंगवॉटर’ या धबधब्यावरच्या जगप्रसिद्ध घराचे नकाशे काढण्यास चालढकल केली, आणि 1935 साली घरमालक मोटारीत बसून निघाल्याचा दूरध्वनी आल्यावर तो पोहोचण्याच्या आत, दोनएक तासांत, सगळे कागदावर उतरविले, ही कथा तो मला इतक्या वेळा सांगतो की, त्या मोटारीचा आवाजही आता मला ओळखीचा वाटतो. मी त्यावर एवढेच निदर्शनास आणले की, त्या समयी राइटसाहेबांचे वय अडुसष्ट होते, ती जागा त्यांनी आधीच पाहून ठेवली होती आणि घर कित्येक महिने त्यांच्या डोक्यात मुरत पडले होते. शिवाय त्या घराचे अधांतरी सज्जे पुढे लोंबू लागले आणि 2002 साली ते मोठ्या खर्चाने ताणून धरावे लागले. हा शेवटचा तपशील मी विशेष समाधानाने सांगितला, हे लपविण्यात अर्थ नाही. दुरुस्तीचा खर्च निघाला की आमच्या खात्यातल्या माणसाला आपल्या माणसांत आल्यासारखे वाटते.

याहून घातक अशी एक यादी त्याच्यापाशी आहे, आणि ती म्हणजे पदवीवाचून मोठे झालेल्यांची. ल कॉर्बुझिए यांच्याकडे वास्तुकलेची पदवी नव्हती. जपानचे तादाओ आन्दो हे मुष्टियुद्ध खेळत होते आणि पुस्तके वाचून, इमारती पाहून शिकले. आमच्याच पुण्यात 1927 साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी मुंबईच्या जे. जे.मधले शिक्षण अर्ध्यावर टाकून विलायतेस गेले, पॅरिसला कॉर्बुझिए यांच्या हाताखाली प्रथम काही महिने बिनपगारी राबले, आणि 2018 साली प्रिट्झ्कर पारितोषिकाचे पहिले भारतीय मानकरी झाले. ही यादी ऐकून माझ्या बहिणीने सांगलीहून रात्रीच्या गाडीने धाव घेतली. तिला मी 1972 चा वास्तुविशारद अधिनियम दाखविला आणि परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय या देशात दारावर आर्किटेक्ट म्हणून पाटी लावता येत नाही, सबब चिरंजीवांना मुष्टियुद्धाचा मार्ग बंद आहे, असे दाखवून दिले, तेव्हा तिच्या जिवात जीव आला. सरकारी कायद्याने एखाद्या मातेचे अश्रू पुसल्याचे माझ्या पाहण्यातले हे एकच उदाहरण.

आता जुरीविषयी. बोझारच्या जमान्यात परीक्षकमंडळी बंद दाराआड बसून निवाडा करीत, आणि विद्यार्थ्याला फक्त निकाल कळत असे. तो बिचारा दाराबाहेर परीक्षकांना मूर्ख समजत उभा राही व त्यामुळे त्याची प्रकृती ठणठणीत राही. विसाव्या शतकात हे दार लोकशाहीच्या भावनेने उघडण्यात आले आणि विद्यार्थ्याला आपल्या नकाशापुढे उभा करून, सर्व वर्गासमक्ष, त्याच्या समोर बोलण्याची वहिवाट पडली. भाच्याला त्या सत्रात एका तालुक्याच्या गावच्या एस.टी. स्टँडची योजना करावयाची होती. ‘कन्सेप्ट’ या नावाची एक वस्तू प्रत्येक योजनेच्या पाठीशी असावी लागते. याची ‘कन्सेप्ट’ होती प्रतीक्षा. उंच, अरुंद भिंती, त्यांच्या फटींतून येणारी उन्हाची तिरीप, आणि मध्यभागी एक रिकामा चौक, ज्यात उभे राहून प्रवाशाने कालाच्या अनंतत्वाचा अनुभव घ्यावा. मी रातराणीने पुष्कळ प्रवास केलेला माणूस असल्याने, मुतारी कोठे आहे एवढीच पृच्छा केली. ‘मामा, ते डीटेल नंतर येतं,’ असे उत्तर मिळाले. प्रवाशाच्या बाबतीत ते प्रथम येते, असे मला वाटते. परंतु मी पडलो हिशेब शाखेचा.

जुरीत काय घडले ते मला त्याच्या मित्रांकडून तुकड्या-तुकड्यांनी समजले. पहिल्या परीक्षकांनी त्या उंच भिंती अनावश्यक ठरविल्या. दुसऱ्यांनी, या संबंध योजनेत भिंतींखेरीज पाहण्यासारखे काही नाही असे मत दिले. तिसऱ्यांनी लाल स्केचपेन काढून नकाशाच्या ईशान्य कोपऱ्यापासून नैर्ऋत्येपर्यंत एक रेघ ओढली आणि बस वळणार कोठून असे विचारले. मग त्यांनी मॉडेलचे छप्पर दोन बोटांनी अलगद उचलले, ते बाजूच्या खुर्चीवर ठेवले, आणि काही वेळाने, बोलण्याच्या भरात, त्याच खुर्चीवर ते बसले.

त्या दिवशी घरी आलेला मुलगा मला ओळखू येईना. तो जेवला नाही, बोलला नाही, आणि ‘मला यातलं काही येतच नाही, मामी’ एवढे एक वाक्य बोलून भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. येथवर मी जरा मोकळ्या हाताने लिहिले आहे. परंतु या टप्प्यावर विनोद काही क्षण बाजूला ठेवणे भाग आहे. अमेरिकेतील आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांच्या संघटनेने 2002 साली स्टुडिओतील एकंदर वातावरणाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला, आणि तो लिहिण्याची वेळ आली ती जागरणानंतर झालेल्या मोटार-अपघातात एक विद्यार्थी दगावल्यामुळे. ब्रिटनमध्ये 2016 साली एका व्यावसायिक नियतकालिकाने केलेल्या पाहणीत चौघांत एकाहून अधिक विद्यार्थ्यांनी, या शिक्षणापायी आपल्याला मनाच्या तक्रारीसाठी वैद्यकीय साहाय्य घ्यावे लागले, असे नमूद केले. तेव्हा जो मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला आहे, त्याला ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं’ असे म्हणून दार ओढून घेणारा वडीलधारा माणूस, माझ्या मते, इमारतीला तडा गेला असता वरून चुना फासणाऱ्या ओव्हरसियरच्या जातीचा असतो. आम्ही दार उघडे ठेवले. सौ.नी डॉक्टरांकडे जायचे असेल तर जाऊ, त्यात लाजण्यासारखे काही नाही, असे त्याला स्पष्ट सांगितले, आणि मी खुर्ची ओढून त्याच्या पायाशी बसलो.

माझ्यापाशी त्याला देण्यासारखे शहाणपण एकच होते, आणि ते सर्वस्वी दप्तरी होते. आमच्या खात्यात एखादी नस्ती वरती गेली की ती परत येत असे. हा सृष्टिक्रम होता. तिच्यावर कार्यकारी अभियंत्यांचा शेरा असे: ‘फेरसादर करावे’. कधी ‘दर तपासून फेरसादर करावे’, कधी नुसतेच ‘का?’. ती नस्ती दुरुस्त होऊन पुन्हा वर जाई, पुन्हा परत येई, आणि या येण्या-जाण्यात तिला फीत पुरेनाशी होई. परंतु त्या शेऱ्यापायी कोणा कारकुनाने अन्नत्याग केल्याचे, किंवा आपल्याला हिशेबातले काही येतच नाही असे म्हणून भिंतीकडे तोंड केल्याचे उदाहरण खात्याच्या इतिहासात नाही. उलट, अशा नस्त्या हाताळणाऱ्या कारकुनांचे वजन वर्षागणिक वाढत गेल्याचे मी स्वतः पाहिले आहे. कारण शेरा हा नस्तीवर असतो, इसमावर नसतो, हे ज्ञान आम्हाला उमेदवारीतच होत असे. आमचे आरेखक तर याहून पुढे गेलेले होते. ट्रेसिंगवर काळ्या शाईची रेघ चुकली की ते दाढीचे अर्धे पाते काढीत, कागद न फाटेल अशा बेताने ती शाई खरवडीत, त्या जागेवर नखाची पाठ घासून ती गुळगुळीत करीत, आणि त्याच जागी नवी रेघ मारीत. हे सर्व चालू असता त्यांची शेजाऱ्याशी क्रिकेटवर चर्चा चालू असे. चुकीची लाज बाळगण्याची नव्हे, तर ती खरवडण्याचे पाते बाळगण्याची त्यांना सवय होती.

हे ऐकून तो उठून बसला, आणि त्याने मला जो प्रश्न विचारला त्याने माझी चांगलीच पंचाईत झाली. ‘मामा,’ तो म्हणाला, ‘तुमच्यापैकी कुणाला ती इमारत चांगली व्हावी असं वाटत होतं का?’

प्रामाणिक उत्तर असे होते की, नाही. आम्हाला नस्ती बंद व्हावी असे वाटत होते. आमची मनःशांती निर्भेळ होती याचे कारण आमचे मन त्या इमारतीत नव्हतेच. ते पावणेसहाच्या बसकडे लागलेले असे. आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतून आजही ज्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्या जिन्यांवरून चढताना नागरिकांच्या तोंडून जे उद्गार निघतात, त्यांचे श्रेय बऱ्याच अंशी आमच्या त्या उत्तम प्रकृतीला द्यावे लागेल. सिडनीच्या ऑपेरा हाउसचे उदाहरण मला पाठ आहे, ते त्यातील आकड्यांमुळे: मूळ अंदाजपत्रक सत्तर लाख डॉलरांचे, अंतिम खर्च दहा कोटी वीस लाखांचा, स्पर्धा जिंकली 1957 साली, उद्घाटन 1973 साली. इतक्या भव्य सुधारित अंदाजपत्रकावर टिपणी लिहिण्याचे भाग्य मला लाभले नाही, ही हळहळ मला आजन्म राहील. परंतु त्याच कथेत असेही आहे की, ज्याने ती पांढरी शिडे कल्पिली त्या योर्न उट्झनला सरकारी तगाद्यापायी 1966 साली राजीनामा द्यावा लागला, तो ऑस्ट्रेलिया सोडून गेला, आणि पुरी झालेली आपली इमारत त्याने जन्मात पाहिली नाही. तेथील हिशेबनीस बहुधा दीर्घायुषी झाला असेल. तेव्हा भाच्याला आमचे सगळेच आरोग्य द्यावे, असे मी म्हणणार नाही. त्यातला एक चतुर्थांश भाग, शक्यतो रात्री अकरानंतरचा, त्याने उसना न्यावा, इतकीच माझी तजवीज होती.

योगायोग असा की, तो चतुर्थांश ज्या व्यक्तीपाशी जन्मतःच होता ती त्याच्याच वर्गात निघाली. चिपळूणकडची ही मुलगी सामूहिक मॉडेलच्या कामासाठी आमच्याकडे येत असे. तिचे वडील गवंडी; चिऱ्याचे बांधकाम करतात. रात्री दहा वाजले की ती कटरचे पाते आत सरकवी, कापट्या गोळा करून पिशवीत भरी, आणि ‘काका, येते’ म्हणून निघे. मागे राहिलेले तिघे तिच्याकडे धर्मभ्रष्ट व्यक्तीकडे पाहावे तसे पाहत. मी एकदा तिला विचारले, काम अपुरे राहिले तर? ती म्हणाली, ‘राहतं की काका एखादा कोपरा. मग तोंडानं सांगायचा.’ जुरीत लाल रेघ ओढली गेली तर? यावर तिने जे सांगितले ते मी भाच्याला पुन्हा ऐकावयास लावले. साईटवर भिंत ओळंब्यात नसली तर तिचे वडील ती उतरवितात. उतरविताना ते रडत नाहीत, स्वतःला शिव्या देत नाहीत, गवंडी म्हणून आपण नालायक आहोत असेही म्हणत नाहीत. ते फक्त, सिमेंट कोणाच्या खात्यावर टाकायचे, एवढे विचारतात. मग चहा पितात आणि पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात करतात. मनोविकारतज्ज्ञांच्या फीचा विचार करता हे व्याख्यान आम्हाला एक प्लेट पोह्यांत पडले.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांच्या वर्गाला एक जुना वाडा मोजून त्याचे नकाशे काढण्याचे काम लागले. वाडा वाईकडच्या एका गावात. दिंडी दरवाजा, चौक, चारी बाजूंनी ओसरी, वर कडीपाट, आणि या सर्वांवर देखरेख करणाऱ्या नव्वदीच्या एक आजी. टेप घेऊन आलेल्या वीस मुला-मुलींना पाहताच त्यांनी दिंडीतच सर्वांची उलटतपासणी घेतली.

‘मोजताय कशाला? वाटणीचा दावा लावलाय का परत कुणी?’

‘नाही आजी, अभ्यासाला.’

‘अभ्यासाला घर मोजायला लागतं? बरं. नऊ वाजता मी दिंडीला कडी घालते. आत असाल ते आत, बाहेर असाल ते बाहेर.’

त्या कडीने जे केले ते पाच वर्षांच्या उपदेशाने झाले नसते. चहाची टपरी गावाबाहेर, वीज रात्री भरवशाची नाही, आणि माजघरात आजी जाग्या. वीसच्या वीस विद्यार्थी साडेनऊला ओसरीवर पालथे पडले आणि पहाटे कोंबड्याने उठविले, ही त्या महाविद्यालयाच्या इतिहासात नोंद करण्याजोगी घटना होय. दुसरे दिवशी चौक मोजताना भाच्याच्या गटात अस्वस्थता पसरली. समोरासमोरच्या बाजू सारख्या येईनात. कर्ण मोजले, तेही जुळेनात. एका कोपऱ्यात जवळजवळ हातभराचा फरक निघाला. पाऊण मिलिमीटरच्या चुकीसाठी शीट फाडणारा हा मुलगा चौकाच्या मध्यभागी टेपचे टोक धरून घामाघूम उभा राहिला आणि आपल्याला साधे मोजताही येत नाही, या निष्कर्षाप्रत आला. आजी जपमाळ ओढीत हे सर्व पाहत होत्या. अखेर त्यांना राहवले नाही.

‘अरे, तुझा टेप बरोबर आहे. घरच वाकडं आहे ते. माझ्या आजेसासऱ्यांच्या चुलत्यांनी ती पलीकडची भिंत एका रात्रीत हातभर इकडे घेतली. सातारच्या कोर्टात दावा चालला त्याचा.’ आणि मग, माळेतला मणी पुढे सरकवून, ‘रात्रीत उरकलेलं काम असंच व्हायचं.’

हे वाक्य त्याने मला परत आल्यावर सांगितले, तेव्हा आजींनी ते कोणत्या अर्थाने म्हटले याविषयी आमच्यात मतभेद झाला नाही. वाडा त्याने वाकडा होता तसाच काढला. त्या नकाशाकडे पाहताना मला दिसले की, प्रत्येक दाराशी त्याने बारीक अक्षरांत उंची लिहिली होती आणि माजघराच्या दारापाशी कंसात ‘कपाळ’ अशी नोंद होती. ते माप त्याने टेपने घेतले नव्हते. ओसरीवर दुपारी कोण कोठे बसते, आजींचा पाट, शेजारणींची जागा, दळणाचा डबा, हेही त्याने टिंबांनी दाखविले होते. रिकाम्या चौकात कालाच्या अनंतत्वाचा अनुभव घेणारा कोणीही नव्हता. तेथे पापड वाळत होते.

एस.टी. स्टँड त्याने पुन्हा हाती घेतला. उंच भिंती खाली आल्या, बस वळण्याची जागा निघाली, आणि एके दिवशी जेवताना त्याने, पार्सल ऑफिस रातराणीच्या फलाटाशेजारी असावे की चौकशीच्या खिडकीशेजारी, असा प्रश्न मला विचारला, ज्यावर मी सौ.नी तीनदा ‘भात गार होतोय’ म्हणेपर्यंत बोलत होतो. मुतारी नकाशात आली. एवढेच नव्हे, तर वाऱ्याची दिशा पाहून योग्य त्या अंगाला आली. जागरणे अजिबात थांबली असे मी म्हणणार नाही, कारण सबमिशनच्या आदल्या रात्री दाराखालचा उजेड मी पाहिला. परंतु दीड वाजता तो विझला, आणि सकाळी यंत्राने आपले रेंडर एकट्याने पुरे केलेले आढळले.

दुसऱ्या जुरीला तेच तिसरे परीक्षक होते. त्यांनी पुष्कळ वेळ नकाशा पाहिला, लाल स्केचपेन काढले, फलाटांवरचे छप्पर पावसाच्या झडीला पुरे पडणार नाही असे सांगून तेथे एक वर्तुळ काढले, आणि छप्पर सुधारून फेरसादर करण्यास फर्माविले. या वेळी मॉडेलजवळची खुर्ची भाच्याने आधीच बाजूला केली होती. त्याने वर्तुळाकडे पाहिले, ते वहीत उतरून घेतले, आणि मुदत किती, असे विचारले. परीक्षक आठ दिवस म्हणाले. तो म्हणाला, सर, मध्ये रविवार आहे, दहा द्या. तडजोड नवावर झाली. आमच्या खात्यात वरिष्ठांशी या भाषेत वाटाघाट करण्यासाठी माणसाला निदान शिरस्तेदार व्हावे लागे. हा तर अजून तिसऱ्या वर्षाला आहे.